आये सांगता

४ फेब्रुवारी १९९९, गुरुवार

"कोंबडी नाचली म्हणान अंडा मोठा जाणा नाय" — असं आज एका इंजिनियरच्या बायकोला तोंडावर म्हणून बसलो! या वयात तरी जीभ आवरायला हवी.

झालं असं. अबू हलीफाला जयप्रकाश साहेबांच्या फ्लॅटमध्ये स्वयंपाकघराची कपाटं बसवायचं काम होतं. साहेब पुण्याचे, तेल कंपनीत. एका कपाटाचं दार वाकलं होतं. मूळ फळीच वाकडी. लीनावहिनी म्हणाल्या, याला पितळी मुठी लावू, वर चांगलं पॉलिश मारू, म्हणजे दिसणार नाही. आणि माझ्या तोंडून ती कोंबडी निघाली. ती कितीही नाचो, अंडं तेवढंच राहतं.

मी मान खाली घालून पिशवीत रंधा शोधू लागलो. पण वहिनी रागावल्या नाहीत. हसत हसत ओट्याला टेकल्या. "थांबा, थांबा मेस्त्री. परत म्हणा ते." कॅलेंडरच्या पाठीमागे लिहून घेतलं. त्यांची मुलगी मुक्ता अकरा वर्षांची आहे. मराठी समजते, उत्तर इंग्रजीत देते. तिने विचारलं, हेन डान्स का करते? मी म्हटलं, अंडं लहान आहे ते कुणाला कळू नये म्हणून. पोर खो-खो हसली. जन्म इथला कुवेतचा, शाळा इथली आणि आमच्या खाडीकाठच्या कोंबडीवर हसली!

ही म्हण कुणाची, असं वहिनींनी विचारलं. माझ्या आयेची, म्हटलं.

दार नव्या फळीचं करून देतो असं सांगून आलो.

५ फेब्रुवारी, शुक्रवार

सुट्टी. कपडे धुतले, जप झाला. दिवसभर तोंडात म्हणीच.

९ फेब्रुवारी, मंगळवार

मुदीरने, म्हणजे मॅनेजरने, आज नव्या कराराचा कागद हातात दिला. आणखी दोन वर्षं. सुलैबियाच्या वर्कशॉपमध्ये फोरमन करतो म्हणाला. सही मेच्या पहिल्या आठवड्यापर्यंत दिली तरी चालेल.

फोरमन! सोळा वर्षांपूर्वी आलो तेव्हा करवत धरायला दिली होती फक्त. देवाची कृपा म्हणायची. मधे लढाईची दीड-दोन वर्षं गावी काढली, ती सोडली तर हात कधी रिकामा राहिला नाही. आणि तरी कागद हातात आल्यावर मन पुढे जाईना. एकोणपन्नास संपतील यंदा. आये अठ्ठ्याहत्तरची. मुलगी दर्शना बेळगावात नर्सिंगच्या शेवटच्या वर्षाला, जूनमध्ये परीक्षा. ती एकदा पायावर उभी राहिली की मला इथे थांबायचं कारण तरी काय? पण न थांबून तिथे करायचं तरी काय?

अशा वेळी मी एकच करतो. आयेला पत्र. "तीर्थरूप आईस साष्टांग नमस्कार." सही करू की नको ते कळव, असं लिहिलं. शेवटी नेहमीप्रमाणे "द्वारकाने तब्येतीची काळजी घ्यावी". पाकीट बंद केलं.

आयेला अक्षर येत नाही. पत्र माझी बायको द्वारकाच वाचून दाखवते आणि उत्तरही तीच लिहिते. सातवी शिकलेली आहे, अक्षर नीट. मजकूर ठरलेला — गाय व्याली, विहिरीला पाणी आहे, दर्शनाचं पत्र आलं, छपरावरची कौलं परतली. स्वतःबद्दल एक शब्द नाही. अबोलच आहे ती. फोन दुकानावर, घरापासून चढण चढून. आये चढू शकत नाही आणि अलीकडे तिला कानांनी कमी ऐकू येतं, असं द्वारका लिहिते. द्वारका येते, "सगळा बरा आसा" म्हणते आणि मग आम्ही दोघं तारेतली खरखर ऐकतो. बावीस वर्षं लग्नाला झाली. एका छपराखाली किती दिवस काढले ते मोजायला बसू नये.

पण पत्राच्या शेवटी दोन शब्द असतात — "आये सांगता". आणि त्यापुढे एक म्हण. ती वाचली की पत्र पोचलं असं वाटतं. या वहीच्या मागच्या पानांवर तारखेसह उतरवून ठेवतो. इतरांकडे देवाचा अंगारा असतो, माझ्याकडे हे.

१४ फेब्रुवारी, रविवार

महाशिवरात्र. उपास. आमच्या हवल्लीच्या खोलीत देव्हारा ठेवायला जागा नाही, म्हणून मीच कपाटाच्या दाराला आतून घडीचा देव्हारा केला आहे. दार उघडलं की रवळनाथ, मिटलं की कपडे. महादेव म्हणतो, "मेस्त्री, तुमचो देव युनिफॉर्मात रवता."

हा महादेव म्हणजे आमच्या खाडीपलीकडच्या गावचा, वर्कशॉपमध्ये पॉलिश मारतो. पस्तिशीचा. तोंड अखंड चालू. आज त्यानेही उपास धरला आणि संध्याकाळपर्यंत सात वेळा सांगितलं की भूक नाही. मी म्हटलं, गजालीन घोव खाल्लो. गप्पांनी नवरा खाल्ला! ही आयेची जुनी म्हण. पडवीत बायका गप्पा मारत बसल्या आणि चुलीवर काही जळलं की ती हेच म्हणायची आणि हातातला अडकित्ता वाजवायची. टक्. सुपारी असो नसो, म्हण झाली की टक्. जणू खिळ्यावर शेवटचा घाव. ती टक् वाजली की पुढे कुणी बोलत नसे.

आयेचा आवाज ऐकून वीस महिने झाले. मागच्या रजेनंतर नाहीच.

१७ फेब्रुवारी, बुधवार

वर्कशॉपच्या फोनवर महादेवच्या भावाचा फोन आला. महादेव बाहेर कामावर होता म्हणून मीच घेतला. वडील गेले. काल दुपारी, हृदयाने.

भाऊ म्हणाला, त्याला आताच सांगू नका, तो तिथे एकटा. तिकीट हातात आलं की "आजारी आहेत" म्हणा. मी हो म्हटलं. इथे असंच करतात. चार-पाच दिवस कागदपत्रांना लागतात, तोवर माणसाने त्या खोलीत भिंतीकडे बघत बसू नये. मी स्वतः हे पूर्वी दोघांच्या बाबतीत केलं आहे. दयाच आहे ती.

मुदीरला सांगून महादेवचा पासपोर्ट मागवला.

१९ फेब्रुवारी, शुक्रवार

महादेवला वाटतं, पासपोर्ट इकाम्यासाठी, राहण्याच्या परवान्यासाठी घेतला. आज तो फार आनंदात होता. वडिलांची नक्कल करून दाखवली — पंचायतीत कसे उठतात, टोपी कशी सारखी करतात. सगळे हसले. मीही हसलो. हसावं लागलं.

२१ फेब्रुवारी, रविवार

दुपारी त्याला सांगितलं, वडील आजारी आहेत, रात्रीचं विमान आहे. तो माझ्याकडे बघत राहिला. मग खाटेखालची बॅग ओढली.

देव्हाऱ्याचं दार उघडून खोलीतल्या आम्ही चौघांनी गाऱ्हाणं घातलं. "बा देवा म्हाराजा, ह्या लेकराक सुखरूप घराक नी" — "व्हय म्हाराजा." त्याचा आवाज सर्वांत मोठा होता.

त्याच्याबरोबर एक छोटा टेपरेकॉर्डर आणि कोरी कॅसेट पाठवली. अशा वेळी असं ओझं देऊ नये हे कळत होतं, पण कोण कधी जाणार पुन्हा? म्हटलं, घरचं जरा मार्गी लागल्यावर सवड मिळाली तर खाडी ओलांडून आमच्या घरी जा. आयेच्या म्हणी तिच्या आवाजात भरून आण. अडकित्त्यासकट.

२६ फेब्रुवारी, शुक्रवार

लीनावहिनींनी जेवायला बोलावलं. नवं दार बसलं आहे, बोटाने ढकललं तरी आवाज नाही. भरल्या वांग्याची भाजी केली होती. इथल्या मराठी मंडळाची स्मरणिका महाराष्ट्र दिनाला निघणार आहे, त्यात त्यांना आमच्या दक्षिण कोकणच्या म्हणी छापायच्या आहेत. माझ्या वहीची मागची पानं बघायला मागितली. ही वही मी कुणाला दाखवत नाही. मागची पानं तेवढी क्लिपने वेगळी करून दिली.

तासभर वाचत होत्या, मंडळातल्या बायकांना फोन करून विचारत होत्या. मधेच मोठ्याने वाचायच्या आणि मुक्ता माझ्यामागून माझ्यासारखी म्हणायची. "सरड्याची धाव वंयपर्यंत." वंय म्हणजे कुंपण, हे तिला सांगितलं. "खिशात नाय आणो नि म्हणे बाजीराव म्हणा" — ही साहेबांना उद्देशून तिने तीन वेळा म्हटली. साहेबांनी पेपर खाली ठेवला नाही, पण पेपर हलत होता.

मग वहिनी म्हणाल्या, "मेस्त्री, एक गंमत आहे. या पहिल्या म्हणी मी मंडळातल्या मालवणच्या, वेंगुर्ल्याच्या बायकांना विचारल्या. त्यांना माहीत आहेत. पण सत्त्याण्णवच्या शेवटापासूनच्या कुणीच ऐकलेल्या नाहीत. कोंबडीची नाही. फणसाची नाही. ही तर नाहीच." आणि बोट ठेवलं — वाट बघणाऱ्याक वाटेवरचे धोंडे पाठ.

मी म्हटलं, आयेच्या स्वतःच्या असतील. म्हातारपणी माणसाला सुचतं.

"त्या तुमची वाट बघतात, त्यावरून केली असणार," वहिनी म्हणाल्या. मग वही मिटून मांडीवर ठेवली. त्यांची आई पुण्यात एकटी आहे.

ठरलं असं, की कॅसेट आली तर कार्यक्रमात आयेचा आवाज ऐकवायचा. हॉलमध्ये, सगळ्यांसमोर. माझी आये कुवेतमध्ये!

येताना बसमध्ये ऊर भरून आला होता. पुण्याची शिकलेली माणसं, आणि आमच्या पडवीतलं बोलणं असं निवडून निवडून घेतात, तांदूळ निवडावे तसं. आम्ही शाळेत या बोलीला मास्तरांच्या छड्या खाल्ल्या. "नीट बोल!" म्हणायचे. नीट बोलायला शिकलो, लिहायलाही. पण ज्या दिवशी काही अडतं त्या दिवशी नीट बोलणं उपयोगी पडत नाही, म्हणच लागते. सांध्यात फट राहिली की पाचर मारतो आम्ही. लहानसा तुकडा, पण सगळं कपाट त्याच्यावर उभं राहतं.

१ मार्च, सोमवार

मुदीरशी बोलताना आयेची म्हण पाळली — फणस फोडूचो तर आदी हातांक तेल. आधी त्याच्या मुलाची चौकशी केली, मग आरा मशीनच्या मोडलेल्या गार्डाचं सांगितलं. उद्या नवा गार्ड येतो म्हणाला!

११ मार्च, गुरुवार

घरचं पत्र आलं. गाय आटली. दर्शना परीक्षेच्या तयारीत. महादेवच्या वडिलांचं कार्य नीट झालं. आणि पुढे — "तुमचं सहीबद्दलचं विचारणं आयेला वाचून दाखवलं. उत्तर टेपमध्ये पाठवते."

बस. खाली "आये सांगता" नाही. पान उलटून पाहिलं, पाकीट झटकून पाहिलं. सोळा वर्षांत असं पहिल्यांदा.

टेपमध्ये स्वतःच सांगणार असेल.

१८ मार्च, गुरुवार

पाडवा. गॅलरीत गुढी उभारली. पट्टीच्या लाकडाची काठी, स्टीलचा पेला, लीनावहिनींनी दिलेलं जरीचं कापड. कडुलिंब इथे रस्त्याकडेला आहे, ती सोय देवाने केली आहे. खालचा बकालावाला दुकानदार वर बघून म्हणाला, हे काय? म्हटलं, नवं वर्ष. त्याने खजूर दिले.

२ एप्रिल, शुक्रवार

गेल्या काही दिवसांपासून ऑक्टोबर सत्त्याण्णवची आठवण सारखी येते. कागद समोर आहे म्हणून असेल. रजेवरून परत येऊन चार महिने झाले होते. मशीनवर डाव्या हाताची करंगळी अर्धी गेली. दुखण्यापेक्षा मन खचलं. घरी लिहिलं, पुरे झालं, येतो. बॅग भरायला काढली होती. मग उत्तर आलं. आये सांगता — खांदी मोडली म्हणान झाड चलाक लागणा नाय.

एक फांदी मोडली म्हणून झाड काही उठून चालू लागत नाही. वाचलं, बॅग परत कपाटावर ठेवली. रागावली नाही, रडली नाही, काळजी घे म्हणाली नाही. एवढंच. आणि मी थांबलो. त्या एका ओळीवर दर्शनाचं शिक्षण झालं. आयेचे उपकार कुठे फेडू?

१५ एप्रिल, गुरुवार

महादेव परत आला. डोक्यावर बारीक केस उगवलेले. बारीक झाला आहे. सर्वांना शेंगदाण्याचे लाडू दिले, पण थट्टा नाही, नक्कल नाही. मी विचारलं, घरी गेला होतास? हो म्हणाला. आये कशी आहे? तो लाडवाचा डबा बंद करत राहिला. मग म्हणाला, उद्या सकाळी बोलू.

१६ एप्रिल, शुक्रवार

सगळं क्रमाने लिहितो, नाही तर जमणार नाही.

सकाळी बाकीचे बाजारात गेल्यावर महादेव टेप आणि कॅसेट घेऊन माझ्या खाटेवर बसला. म्हणाला, "मेस्त्री, तुमी माका चार दीस हसवलात. बापूस मेलो होतो नि मी तेची नक्कल करत होतंय. तुमी बघत होतात."

मी टेपरेकॉर्डरवरची धूळ पुसू लागलो.

"तुमच्यावर राग नाय. पण मी तुमच्यापासना लपवचंय नाय. द्वारकावयनीक मी सांगलंय, एक तर तुमी सांगा, नाय तर मी सांगतंय. मगे तिना कॅसेट भरली." एवढं बोलून तो गॅलरीत जाऊन उभा राहिला, पाठ करून.

बटण दाबलं. आधी कोंबड्यांचा आवाज, मग कुणी घसा साफ केला. "अवो, ऐकतास मां? मी बोलतंय. द्वारका."

बावीस वर्षांत तिला इतकं सलग बोलताना ऐकलं नव्हतं. तिने जे सांगितलं ते असं. सत्त्याण्णवच्या भाद्रपदात, गणपती विसर्जनानंतर दोन दिवसांनी, आये पडवीत पडली. उजवं अंग गेलं. वाचा गेली. कुडाळच्या दवाखान्यात महिनाभर होती. कानाने स्वच्छ ऐकते, सगळं समजतं, डावा हात चालतो. पण दीड वर्षात एक शब्द बोललेली नाही. माझं करंगळीचं पत्र आलं तेव्हा द्वारका दवाखान्यातच होती. मी आलो असतो तर दर्शनाचं शिक्षण थांबलं असतं आणि आयेची औषधंही. मला कुणी कळवायचं नाही असं तिने वाडीत सर्वांना बजावलं. कुणाला बोल लावू नका, म्हणाली.

मग थोडा वेळ नुसती खरखर. मग —

"ती झाडाची म्हण माझी. तेच्या फुडच्यो सगळ्यो माझ्यो. आयेच्या नावान लिवलंय, कित्याक तर तुमी आयेचा ऐकतास. माझा ऐकला नसतास."

तिने पुढे सांगितलं, की ती म्हण जुळवून आयेसमोर मोठ्याने म्हणते. आयेच्या डाव्या हातात अडकित्ता असतो. पटली तर वाजवते. पटली नाही तर वाजवत नाही, मग ती म्हण पत्रात जात नाही. आणि मला पटावं म्हणून तिने तिथेच करून दाखवलं. "कोंबडी नाचली म्हणान अंडा मोठा जाणा नाय."

टक्.

तोच आवाज. तोच शेवटचा घाव.

"चूल इचारणा नाय, भात कोणासाठी."

टक्.

"वाट बघणाऱ्याक वाटेवरचे धोंडे पाठ."

बराच वेळ काही नाही. मला वाटलं कॅसेट संपली. मग — टक्. आणि पुन्हा एकदा, टक्. आये दोनदा कधी वाजवत नाही.

शेवटी द्वारका म्हणाली, "सहीचा तुमी आयेक इचारलात. दीड म्हयनो शोधलंय. ह्या टायमाक म्हण नाय. थंयच राव म्हणान सांगूचा तरी माझ्या जिवार, या म्हणान सांगूचा तरी माझ्याच जिवार. माका सांगूक येणा नाय. तुमचा तुमी ठरवा."

टक्.

मग कोंबड्या. मग काही नाही.

१७ एप्रिल, शनिवार

राग आला. लिहून ठेवतो, कारण आला. दीड वर्षात तीन माणसं गावी जाऊन आली. तिघांनी आमच्या घरचे काजू आणून दिले आणि "आये बरी आसा" म्हणाली. मी त्यांना खायला घातलं! आयेजवळ बसायचे दीड वर्ष मला कोण परत देणार?

१८ एप्रिल, रविवार

आणि महादेवचे चार दिवस कोण देणार?

२० एप्रिल, मंगळवार

कामावर मापं चुकली. दोन फळ्या वाया.

संध्याकाळी मागची पानं काढून बसलो. तारखा लावल्या. आयेच्या म्हणी म्हशीच्या, मळणीच्या, भांडणाच्या. कुणाला तरी टोचणाऱ्या. "मेल्या म्हशीक पाच शेर दूध." "पडलो तरी नाक वर." मग झाडाची म्हण येते आणि तिथून वारा बदलतो. चूल. वाट. फणसाला तेल. गेल्या श्रावणात आली होती — घरात म्हातारी तर पंचांग कित्याक? तेव्हा हसलो होतो, की आये स्वतःचीच स्तुती कशी करू लागली! आता कळतं. सून सासूची स्तुती करत होती. ज्या म्हातारीला रोज उचलून बसवायचं, न्हाऊ घालायचं, भरवायचं, तिची. आणि म्हातारीने ऐकून अडकित्ता वाजवला असणार. कसा वाजवला असेल?

आणखी एक होती, दिवाळीच्या पत्रात. जात्याक दगड दोन, घरघर एक. मला वाटलं होतं संसारावर आहे. त्या दोघींवर आहे ती.

मी म्हणायचो, द्वारका अबोल आहे. दर महिन्याला ती माझ्याशी बोलत होती. मी ते आयेचं म्हणून उतरवून घेत होतो, जप करावा तसं वाचत होतो. एका बाजूला आये, एका बाजूला ती, आणि मधे मी बहिरा. कानांनी कमी ऐकू येतं ते मला.

राग कुठे गेला माहीत नाही. शोधला नाही. रवळनाथासमोर बराच वेळ बसलो. मागायला काही सुचेना. नमस्कार केला नुसता.

२३ एप्रिल, शुक्रवार

अबू हलीफाला गेलो. लीनावहिनींना सगळं सांगितलं. कॅसेट हॉलमध्ये ऐकवायची नाही, असंही. त्या लगेच हो म्हणाल्या. डोळे पुसले आणि चहा करायला गेल्या, चहात साखर विसरल्या. मुक्ता दाराशी उभी होती. तिने मराठीत विचारलं, "मग आजी नो म्हणायचं असेल तर काय करते?"

वाजवत नाही, म्हटलं.

"आणि यस?"

मी टेबलावर बोटाच्या पेराने वाजवलं. टक्.

स्मरणिकेचा मजकूर छपाईला जायचा होता. आता नाव कुणाचं घालू, असं वहिनींनी विचारलं. मी म्हटलं, जुन्या म्हणी आयेच्या नावावर. नव्या द्वारकाच्या. आणि खाली एक ओळ टाका — सासूबाईंनी ऐकून पसंत केलेल्या.

२४ एप्रिल, शनिवार

महादेवला म्हटलं, माझं चुकलं. तो म्हणाला, "मेस्त्री, केला तुका नि झाला माका." दुसऱ्याला केलं ते माझ्यावरच आलं! मग आम्ही दोघंही हसलो. खरं हसलो. त्याने आज वडिलांची टोपीची नक्कल पुन्हा करून दाखवली, आणि मधेच थांबून रडला. मी शेजारी बसलो होतो.

३० एप्रिल, शुक्रवार

मंडळाचा कार्यक्रम. महाराष्ट्र दिन उद्या, पण सुट्टी आज. हॉल भरलेला. मी आणि महादेव मागे उभे. मुक्ता नऊवारी नेसून स्टेजवर आली. तिने म्हणी म्हटल्या, उच्चार थोडे इंग्रजी, पण हेल आमचा! प्रत्येक म्हण झाली की माइकसमोर अडकित्ता वाजवायची. वहिनींनी कुठून मिळवला देव जाणे. कोंबडीला हॉल हसला. चुलीला टाळ्या आल्या. "वाट बघणाऱ्याक" म्हटल्यावर कुणीच टाळी वाजवली नाही. एवढी माणसं बसलेली, सगळी कुणाला तरी वाट बघत ठेवून आलेली. मुक्ता थोडी गोंधळली. मग तिने दोनदा वाजवलं. मी तिला शिकवलं नव्हतं ते. वहिनींना सांगितलं होतं फक्त.

स्मरणिका हातात आली. पान सत्तावीस. "सौ. द्वारका" असं छापलेलं. तिचं नाव छापलेलं मी पहिल्यांदा बघितलं. लग्नपत्रिका आम्ही काढलीच नव्हती.

४ मे, मंगळवार

कराराचा कागद मुदीरला कोरा परत दिला. त्याने दोनदा विचारलं.

मग पत्र लिहायला बसलो. हात सवयीने "तीर्थरूप" लिहू लागला. ते पान बाजूला ठेवलं, दुसरं घेतलं. मायना — सौ. द्वारकास.

आत एकच ओळ. आयेला वाचून दाखव, वाजवते का ते बघ, असं खाली लिहिलं.

झाड चलाक लागला.